दुसरी तार कोणी बंद ठेवायची?

१३ नोव्हेंबर २००२ रोजी दुपारी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातील बेथ इस्रायल डिकनेस मेडिकल सेंटर या मोठ्या रुग्णालयाचे संगणक नेटवर्क बसले. वीज गेली नव्हती, बाहेरून कोणी हल्ला केला नव्हता, कुठले यंत्र जळालेही नव्हते. संगणक चालू होते, स्विचवरचे दिवे लुकलुकत होते, तारा जागच्या जागी होत्या. तरीही तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या मागण्या आणि रुग्णांची माहिती एका विभागातून दुसऱ्या विभागात पोचेना. नेटवर्क मध्येच सावरायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा कोसळायचे. हे जवळपास चार दिवस चालले. ज्या रुग्णालयाला कागदाची सवयच राहिली नव्हती, तिथे पुन्हा छापील अर्ज बाहेर काढावे लागले, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या घेऊन माणसे मजल्यामजल्यांवर धावू लागली, आणि तातडीचा विभागही काही तास बंद ठेवावा लागला. रुग्णालयाचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान प्रमुख जॉन हलाम्का यांनी हा प्रकार दडवून ठेवला नाही. काय घडले आणि का घडले हे त्यांनी जाहीरपणे सांगितले, म्हणूनच नेटवर्क बांधणाऱ्यांच्या जगात ही घटना आजही दाखला म्हणून दिली जाते.

या घटनेतली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तिथे तारा कमी पडल्या नव्हत्या. एक वाट तुटली तर दुसरी हाताशी असावी म्हणून मुद्दाम टाकलेल्या जादा तारा तिथे होत्या, आणि नेटवर्क बसले ते त्या जादा तारांमुळेच. आपण विश्वासार्हतेचा हिशेब बहुधा नगांवर करतो. दोन इन्व्हर्टर, दोन इंटरनेट जोडण्या, दोन सर्व्हर घेतले की काळजी मिटली, असे आपल्याला वाटते. स्विचने जोडलेल्या नेटवर्कला हा हिशेब लागू पडत नाही. तिथे दुसरी तार उपयोगी पडायची असेल, तर एरवी ती बंद ठेवणारे कोणीतरी लागते. आणि ते कोणीतरी गोंधळले, तर तीच तार सगळे नेटवर्क बुडवते. म्हणून नेटवर्कचा भरवसा किती जादा वाटा आहेत यावरून ठरवणे चूक आहे. शंका आली तर ते थांबते की पुढे रेटत राहते, आणि थांबले तर त्याची झळ किती जणांना बसते, यावरून तो ठरवायला हवा.

हे पटण्यासाठी आधी स्विच काय करतो ते पाहू. कार्यालयात, शाळेत किंवा गृहसंकुलाच्या सीसीटीव्हीच्या कपाटात बसवलेला स्विच म्हणजे अनेक तारा खोचायची पेटी. प्रत्येक संगणक, प्रिंटर, कॅमेरा यांना कारखान्यातूनच ४८ बिटांचा एक पत्ता मिळालेला असतो. त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. कुठल्या पोर्टमधून कुठल्या पत्त्याचा मजकूर आला, हे पाहत स्विच आपली यादी स्वतःच तयार करतो. पुढच्या वेळी त्या पत्त्यासाठी काही आले, की ते नेमक्या त्याच पोर्टमधून बाहेर जाते. यादीत नसलेला पत्ता आला, किंवा मजकूर सगळ्यांसाठीच असला, तर स्विच त्याची एकेक प्रत, तो ज्या पोर्टमधून आला ते सोडून, बाकी सगळ्या पोर्टांतून पाठवतो. सगळ्यांसाठीच्या अशा संदेशाला ब्रॉडकास्ट म्हणतात. ही चैन नाही, रोजची गरज आहे. नव्याने सुरू झालेला संगणक स्वतःसाठी आयपी पत्ता मागतो तो ब्रॉडकास्टनेच, आणि अमुक आयपी पत्ता कोणाचा, हेही तो ब्रॉडकास्टनेच विचारतो. कोणी काहीही न शिकवता स्विच खोचल्याबरोबर कामाला लागतो, हे त्याचे मोठे बळ. त्याचा कमकुवतपणाही त्यातच आहे, कारण समोरचे नेटवर्क कोणत्या आकाराचे आहे हे त्याला मुळीच ठाऊक नसते.

आता दोन स्विच एकाऐवजी दोन तारांनी जोडले, असे समजा. एका संगणकाने एक ब्रॉडकास्ट पाठवला. पहिल्या स्विचने तो दोन्ही तारांवरून दुसऱ्याकडे धाडला. दुसऱ्या स्विचने पहिल्या तारेने आलेली प्रत दुसऱ्या तारेने परत पाठवली आणि दुसऱ्या तारेने आलेली पहिल्या तारेने. पहिल्याने पुन्हा तेच केले. यालाच लूप म्हणतात. त्या दोन प्रती आता सेकंदाला हजारो फेऱ्या मारत राहतात, आणि प्रत्येक फेरीत जोडलेल्या एकूण एक संगणकाच्या दारात आणखी एक प्रत टाकून जातात. तारा दोनपेक्षा जास्त असतील, तर प्रती दर फेरीला वाढतात. काही क्षणांत तार भरून जाते. तारेवरून मजकूर ज्या तुकड्यांत जातो त्यांना फ्रेम म्हणतात. एक गिगाबिटच्या तारेवरून सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात, आणि ब्रॉडकास्ट असल्यामुळे त्यातली प्रत्येक फ्रेम प्रत्येक संगणकाला हातात घेऊन पाहावी लागते. एवढ्यावर भागत नाही. एकाच संगणकाचा मजकूर क्षणात या पोर्टवरून, क्षणात त्या पोर्टवरून येताना दिसल्यामुळे स्विचची यादीही उलटसुलट होते आणि नेमका पाठवायचा मजकूरही भलतीकडे जाऊ लागतो. तंत्रज्ञ याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र इतकेच दिसते, की सगळे दिवे जोरात लुकलुकत आहेत आणि काहीच चालत नाही.

हा मजकूर फिरून फिरून आपोआप विरून का जात नाही? इंटरनेटवर फिरणाऱ्या आयपी पॅकेटमध्ये तशी सोय असते. त्याच्यावर टीटीएल नावाचा एक आकडा लिहिलेला असतो, तो जास्तीत जास्त २५५ असू शकतो, आणि वाटेतला प्रत्येक राउटर, म्हणजे वेगवेगळी नेटवर्के जोडणारे यंत्र, तो एकाने कमी करतो. शून्य झाला की पॅकेट टाकून दिले जाते. त्यामुळे राउटरांच्या जगात चुकून लूप झाला, तरी पॅकेट मर्यादित वेळा फिरते आणि संपते. स्विच ज्या रीतीने मजकूर नेतात त्या इथरनेटच्या फ्रेममध्ये असा आकडाच नाही. याचे कारण त्याच्या जन्मात आहे. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा सगळे संगणक एकाच जाड तारेला टेकलेले असायचे. तार एकच, तर फेऱ्यांची भीती कसली? पुढे अशा अनेक तारा एकमेकींना जोडणारी ब्रिज नावाची यंत्रे आली, त्यांचेच आजचे रूप म्हणजे स्विच. तोवर फ्रेमचा साचा ठरून गेला होता. एका तारेसाठी काढलेली गोष्ट शेकडो तारांच्या जाळ्यात गेली, आणि मोजणीचा तो आकडा तिच्यात घालायचा राहिला तो राहिलाच.

यावर पहिला आणि अगदी साधा आक्षेप असा, की मग जादा तार टाकायचीच कशाला? एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला एकच वाट ठेवली, तर लूप होणारच नाही. तर्क म्हणून हे बिनचूक आहे आणि दोन-चार स्विचच्या छोट्या जागी तेच शहाणपणाचे आहे. पण इमारत मोठी झाली की त्या एकाच वाटेवर सगळा भार येतो. उंदराने कुरतडलेली तार, रस्ता खोदताना तुटलेले फायबर, जळालेला वीजपुरवठा यांपैकी काहीही एक झाले, तरी पलीकडचा अख्खा विभाग तुटतो. शिवाय आपण एकच वाट ठेवली, म्हणून ती एकच राहते असेही नाही. टेबलाखाली लोंबणारी सुटी तार कोणीतरी नीटनेटकेपणाच्या हौसेने भिंतीतल्या मोकळ्या सॉकेटमध्ये खोचतो. कार्यालयातल्या आयपी फोनला बहुधा दोन पोर्ट असतात, एक भिंतीकडे जाणारा आणि एक संगणकाला देण्यासाठी; दोन्ही भिंतीत खोचले, की लूप तयार. म्हणजे लूप हा फक्त आखणी करणाऱ्याच्या महत्त्वाकांक्षेतून होत नाही, तो वापरणाऱ्याच्या हातूनही होतो. जादा तार टाळून प्रश्न सुटत नाही. ती आहे हे गृहीत धरूनच उपाय शोधावा लागतो.

तो उपाय १९८० च्या दशकाच्या मध्याला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीत रेडिया पर्लमन यांनी शोधला. ब्रिज कसेही जोडले तरी लूप होऊ नये, आणि नेटवर्क कितीही वाढले तरी प्रत्येक ब्रिजला त्यासाठी लागणारी स्मृती वाढू नये, अशी अवघड अट त्यांच्यापुढे होती. पर्लमन यांनी स्वतः सांगितले आहे, की काम हाती आले त्याच रात्री त्यांना कल्पना सुचली आणि ती लिहून काढायला दोन दिवस पुरले. १९८५ साली त्यांनी हे सूत्र शोधनिबंधात मांडले आणि १९९० साली आयईईई या संस्थेने ८०२.१डी या क्रमांकाने त्याचे प्रमाणीकरण केले. त्याचे नाव स्पॅनिंग ट्री. गणितात ज्या जाळ्यात सगळे बिंदू जोडलेले असतात पण एकही वर्तुळ नसते, त्याला ट्री म्हणतात. पर्लमन यांच्या सूत्राने स्विच आपापसांत बोलून तारांच्या जाळ्यातून असा ट्री निवडतात आणि उरलेल्या तारांची पोर्ट बंद ठेवतात. तार काढली जात नाही, तुटतही नाही. तिच्यावरून मजकूर नेणे तेवढे थांबवले जाते.

हे बोलणे अगदी मोजके असते. प्रत्येक स्विचला एक ओळख असते. तिच्यात आधी प्राधान्याचा आकडा येतो आणि त्यामागे स्विचचा मॅक ॲड्रेस. ज्याची ओळख सर्वांत लहान, तो स्विच रूट, म्हणजे ट्रीचे मूळ. बाकीचे स्विच आपल्यापासून रूटपर्यंतची सर्वांत स्वस्त वाट शोधतात. वाट किती महाग हे तारेच्या वेगावरून ठरते. जुन्या कोष्टकाप्रमाणे १० मेगाबिटच्या तारेची किंमत १००, १०० मेगाबिटची १९ आणि एक गिगाबिटची ४. ही वाट चालू राहते आणि ट्रीमध्ये न बसणारी पोर्ट बंद होतात. यासाठी लागणारे छोटे संदेश, ज्यांना तंत्रज्ञ बीपीडीयू म्हणतात, दर दोन सेकंदांनी फिरत असतात. मूळ प्रमाणाप्रमाणे, बंद पोर्टवर २० सेकंद असा संदेश आला नाही, तर पलीकडची वाट तुटली असे समजून ते पोर्ट उघडायची तयारी सुरू होते. १५ सेकंद ऐकण्यात, १५ सेकंद शिकण्यात जातात आणि मग मजकूर वाहू लागतो. म्हणजे तार तुटल्यावर जास्तीत जास्त ५० सेकंदांत, कोणी कपाटापाशी न जाता, राखीव वाट चालू होते. ज्या काळात हे सुचले त्या काळाच्या मानाने ही कामगिरी थक्क करणारी होती.

पण या सूत्राच्या पोटात एक गृहीतक आहे आणि ते नीट पाहायला हवे. बंद पोर्ट बंद राहते ते पलीकडून संदेश येत आहेत म्हणून. संदेश थांबले की ते उघडते. म्हणजे इथे मौनाचा अर्थ ‘वाट मोकळी आहे’ असा लावला जातो. रेल्वेच्या सिग्नलची रचना याच्या अगदी उलट असते. तिथे यंत्रणा बिघडली किंवा काही कळेनासे झाले, तर सिग्नल लाल राहावा, अशीच बांधणी केलेली असते. गाड्यांचा खोळंबा होतो, टक्कर होत नाही. स्पॅनिंग ट्रीमध्ये काही कळेनासे झाले, की सिग्नल हिरवा होतो. पलीकडची तार खरोखरच तुटली असेल, तर हा हिरवा सिग्नल वरदान आहे. पण मौनाची कारणे आणखीही असतात. फायबरच्या जोडीत एक धागा जायला आणि एक यायला असतो; त्यातला एकच बिघडला, तर मजकूर एका दिशेने जात राहतो आणि दुसऱ्या दिशेचे संदेश थांबतात. किंवा पलीकडच्या स्विचचा प्रोसेसर इतर कामात इतका गुंततो, की दर दोन सेकंदांचा संदेश पाठवायलाही त्याला उसंत मिळत नाही. दोन्ही वेळा वाट जिवंत असते आणि तरीही राखीव पोर्ट उघडते. लूप तयार होतो, लुपामुळे प्रोसेसर आणखी गुंततात, आणखी संदेश हरवतात, आणखी पोर्ट उघडतात. बिघाड स्वतःलाच खतपाणी घालतो.

बॉस्टनला घडले ते याच वळणाने. ते रुग्णालय १९९६ साली दोन जुन्या रुग्णालयांच्या विलीनीकरणातून उभे राहिले होते, आणि नेटवर्कही गरजेप्रमाणे तुकडा तुकडा जोडत वाढले होते. एका संशोधन कामातून अचानक प्रचंड प्रमाणात माहिती वाहू लागली, मध्यवर्ती स्विच तिच्यात गुंतला आणि शेजाऱ्यांना उत्तर देईनासा झाला. शेजाऱ्यांनी त्या मौनाचा नेहमीचा अर्थ लावला आणि राखीव वाटा उघडल्या. स्पॅनिंग ट्रीच्या मूळ वेळा दोन टोकांमध्ये फार तर सात स्विच असतील असे धरून ठरवलेल्या आहेत. इथे नेटवर्कच्या काही भागांनी ती मर्यादा ओलांडली होती, त्यामुळे संदेश वेळेत टोकाला पोचण्याची खात्रीच उरली नव्हती. पहिल्याप्रथम संशय गेला तो त्या संशोधन कामावर, आणि ते स्वाभाविकही होते. पण ते काम बंद करूनही त्रास थांबला नाही. ठिणगी कुठून पडली, हा प्रश्न दुय्यम होता. एका कोपऱ्यातली गर्दी सगळ्या रुग्णालयाला बसवू शकेल इतके मोठे आणि सपाट, म्हणजे वेगळे भाग न पाडलेले, नेटवर्क बांधले गेले होते, हे खरे दुखणे. उत्पादक कंपनीचे तज्ज्ञ आणि नवी यंत्रे आणून शेवटी तिथे मध्यभागी राउटर बसवले गेले आणि नेटवर्कचे वेगवेगळे भाग करण्यात आले.

इथे कोणी म्हणेल, की हा सगळा जुन्या, हयगयीने वाढलेल्या नेटवर्कचा दोष आहे. सूत्र तर आपोआप चालते, माणसाने त्यात लक्ष घालायचे कारण नाही. अडचण नेमकी या ‘आपोआप’मध्ये आहे. रूट कोण होणार, हे कोणी ठरवले नाही तर काय होते ते पाहा. सगळ्या स्विचना कारखान्यातून ३२७६८ हेच प्राधान्य मिळालेले असते. मग निवड मॅक ॲड्रेसवर जाते आणि सर्वांत लहान आकड्याचा स्विच जिंकतो. एकाच उत्पादकाच्या यंत्रांत लहान आकडा बहुधा जुन्या यंत्राचा असतो. परिणामी तळघरातल्या कपाटात पडलेला, कोणाच्या लक्षातही नसलेला जुना, मंद स्विच सगळ्या इमारतीचे मूळ होतो, आणि मध्यभागी बसवलेल्या महागड्या स्विचांमधल्या वेगवान तारा बंद होऊन वाहतूक त्या तळघरातून वळसा घेत जाते. सूत्राने चूक केलेली नसते. त्याला जे विचारले त्याचे बरोबर उत्तर त्याने दिलेले असते. नेटवर्कचा मध्य कुठे असावा, हे ठरवणे माणसाचे काम आहे. त्यासाठी मधल्या दोन स्विचचे प्राधान्य मुद्दाम कमी करून ठेवायचे असते. हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि अनेक ठिकाणी ते झालेले नसते, कारण ते न करताही सगळे चाललेले दिसते.

म्हणूनच गेल्या काही दशकांत स्पॅनिंग ट्रीभोवती जे संरक्षक उपाय उभे राहिले, त्यांची दिशा बोलकी आहे. त्यांतले बहुतेक सगळे सूत्राला रेल्वेच्या सिग्नलच्या स्वभावाकडे वळवतात. लूप गार्ड हा उपाय चालू असेल, तर संदेश थांबले म्हणून पोर्ट उघडत नाही. मौन संशयास्पद मानून ते बंदच ठेवले जाते. एकाच दिशेने चालणारे फायबर ओळखून ते पोर्ट बंद करणारी स्वतंत्र तपासणी असते. संगणक किंवा फोन यांच्यासाठी असलेल्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावला, तर तिथून स्पॅनिंग ट्रीचा एकही संदेश आला की ते पोर्ट तत्काळ बंद होते. संगणकाच्या जागी कोणीतरी स्विच जोडला किंवा तार परत आपल्याच नेटवर्कात खोचली, याची ती खूण असते. रूट गार्ड लावलेल्या पोर्टापलीकडून कोणी नवा स्विच रूटपदावर हक्क सांगू लागला, तर तो हक्क मानला जात नाही. आणि स्टॉर्म कंट्रोल तर सूत्रावर विसंबतच नाही. एखाद्या पोर्टवरून ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ब्रॉडकास्ट येऊ लागले, की कारण काहीही असो, ते अडवले जातात. याची गरज विशेषतः बाजारात स्वस्त मिळणाऱ्या साध्या पाच-आठ पोर्टांच्या स्विचमुळे आहे. त्यांना स्पॅनिंग ट्री कळतच नाही; काही स्विच तिचे संदेश पुढे जाऊ देतात, काही गिळून टाकतात. गिळणाऱ्या स्विचच्या पलीकडे झालेला लूप वरच्या शहाण्या स्विचला दिसतही नाही, येते ते फक्त वादळ.

या भूमिकेवर गंभीर आक्षेप घेता येतो तो असा. शंका आली की पोर्ट बंद, हे धोरण ठेवले तर कधीतरी निर्दोष पोर्टही बंद होईल. रुग्णालयात एखाद्या कक्षाचे, कारखान्यात एखाद्या यंत्राचे नेटवर्क उगाच जाईल. यंत्रणा चालू ठेवणे हेच ध्येय असेल, तर ती बंद करणारे उपाय त्याच्या विरुद्ध नाहीत का? आक्षेप खोटा नाही. संरक्षक उपायांमुळे छोटे खोळंबे वाढतात आणि फोन करून ‘आमचे नेट बंद पडले’ म्हणणारेही वाढतात. पण दोन चुकांची किंमत सारखी नाही, हे विसरून चालणार नाही. चुकून बंद झालेल्या पोर्टमुळे एक टेबल किंवा फार तर एक कक्ष तुटतो, कुठले पोर्ट हे स्विच स्वतःच सांगतो, आणि दुरुस्ती त्याच जागी होते. चुकून उघडलेल्या पोर्टमुळे सगळे नेटवर्क बसते, आणि दुरुस्तीसाठी ज्या नेटवर्कवरून स्विचपर्यंत पोचायचे तेच बसलेले असल्यामुळे कुठे बघावे हेही कळत नाही. शेवटी कोणीतरी एकेक तार उपसत जाते आणि दिवे कधी शांत होतात ते पाहत राहते. लहान, दिसणारा, वारंवार होणारा त्रास आणि मोठा, न दिसणारा, क्वचित होणारा अनर्थ यांत निवड करायची असेल, तर जबाबदार संस्थेने पहिला पत्करावा. तो दुरुस्त करता येतो आणि त्यातून शिकताही येते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांकडून येतो. स्पॅनिंग ट्री म्हातारी झाली, पैसे मोजून टाकलेली निम्मी तार ती बंद ठेवते, तेव्हा तिला निरोपच द्यावा, असे ते म्हणतात. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. ५० सेकंदांचा खंड आज कोणाला परवडत नाही. २००१ साली आलेल्या वेगवान आवृत्तीत शेजारी स्विच आपापसांत विचारपूस करून अनेकदा सेकंदाच्या आतच वाट बदलतात, आणि २००४ च्या प्रमाणाने मूळ सूत्राची जागा या आवृत्तीने घेतली. दोन स्विचमधल्या अनेक तारा एकच तार समजून एकत्र वापरण्याची पद्धत तर २००० सालीच प्रमाणित झाली. तिच्यात एकही तार रिकामी बसत नाही. वीज उपकेंद्रांसारख्या ठिकाणी, जिथे क्षणाचाही खंड चालत नाही, तिथे प्रत्येक संदेश दोन स्वतंत्र नेटवर्कांवरून एकाच वेळी पाठवून दुसरी प्रत टाकून देण्याची रीत आहे. पण या उपायांकडे नीट पाहिले, तर त्यांतल्या कोणीही जादा वाट मोकाट सोडलेली नाही. कोणी दोन तारांना एक नाव दिले, कोणी दोन नेटवर्कांना एकमेकांना शिवू दिले नाही. प्रत्येकाने मर्यादा घातलीच; फक्त ती वेगळ्या जागी घातली. आणि तारा एकत्र वापरण्याची मांडणी एका बाजूला केली, दुसऱ्या बाजूला विसरली, तर लूप होतोच. तेव्हा स्पॅनिंग ट्री चालू असेल तरच ती तो पकडते.

खुद्द पर्लमन यांनाही आपले सूत्र अंतिम वाटत नव्हते. ब्रिजने तारा जोडत जाणे ही तात्पुरती सोय आहे, असेच त्या म्हणत आल्या. पुढे त्यांच्याच पुढाकाराने ट्रिल नावाचे प्रमाण आले. ते २०११ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात स्विचच्या जगात राउटरांची वाट शोधण्याची रीत व फेऱ्या मोजणारा आकडा दोन्ही आणले गेले. ते फारसे रुळले नाही, पण दिशा मात्र सगळ्यांनी तीच धरली. आजच्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये स्विचांमधले दुवे राउटरच्या रीतीने चालतात, सगळ्या तारा एकाच वेळी वापरल्या जातात, आणि चुकून फिरू लागलेले पॅकेट टीटीएल संपून नाहीसे होते. म्हणजे आता लुपाची काळजी मिटली का? मधल्या भागात बरीचशी मिटली, कडेला नाही. माणूस तार खोचतो ती कडेलाच, आणि तिथे फ्रेम अजूनही जुन्या साच्यातलीच आहे, आकड्याविना. इतकेच नव्हे, तर दूरच्या दोन खोल्या राउटरांच्या डोक्यावरून एकाच सपाट नेटवर्कसारख्या जोडण्याच्या पद्धतीही आता लोकप्रिय आहेत. त्या वापरल्या, की एका खोलीतल्या लुपाचे वादळ दुसऱ्या खोलीपर्यंत पोचवण्याची सोयही आपण करून ठेवतो. तंत्र नवे झाले म्हणून प्रश्न जुना होत नाही.

यातून साधे व्यावहारिक निष्कर्ष निघतात, आणि ते तंत्रज्ञाइतकेच संस्था चालवणाऱ्यांसाठीही आहेत. नेटवर्कचे लहान भाग पाडा आणि भागांच्या मध्ये राउटरची रीत ठेवा, म्हणजे वादळ उठलेच तर एका मजल्यापुरते राहील. प्रत्येक भागात रूट कोण आणि तो पडला तर पुढचा कोण, हे लिहून ठरवा. कडेच्या प्रत्येक पोर्टवर गार्ड आणि वादळाची मर्यादा लावा, आणि साधे स्विच कुठे कुठे जोडले आहेत याची यादी ठेवा. नेटवर्क बसल्यावरही स्विचपर्यंत पोचता येईल अशी वेगळी वाट ठेवा, आणि तारांचा नकाशा कागदावर छापून ठेवा, कारण गरज पडेल तेव्हा संगणकातला नकाशा उघडणार नाही. सर्वांत टाळली जाणारी गोष्ट शेवटची: ठरवून, सांगून, सुटीच्या दिवशी मुख्य तार काढून पाहा. राखीव वाट खरोखर किती सेकंदांत उघडते, आणि तार परत लावल्यावर ती पुन्हा बंद होते का, हे कागदावर समजत नाही. वर्षानुवर्षे न तपासलेली राखीव तार हा दिलासा असतो, व्यवस्था नसते. तेव्हा नव्या नेटवर्कचा प्रस्ताव समोर आला, की किती तारा जादा आहेत हे विचारून समाधान मानू नये. त्यातली प्रत्येक तार कोणी बंद ठेवली आहे, बंद ठेवणारा गप्प झाला तर काय होईल, आणि तो चुकला तर किती लोकांचे काम थांबेल, एवढे विचारावे. या प्रश्नांची लेखी उत्तरे नसतील, तर त्या प्रस्तावातल्या जादा तारेचे पैसे विश्वासार्हतेच्या खात्यावर मांडू नयेत.